नजरेचं माप

काका, तुम्ही गेल्याचं नितीनने नागपूरहून फोनवर सांगितलं, तेव्हा माझं पहिलं लक्ष कपाटाकडे गेलं. सगळ्यात वरच्या फळीवर, टाहोच्या बर्फात एकदाच घातलेल्या बुटांच्या मागे, तुम्ही दिलेली पिशवी होती. सुतळीची गाठ तशीच होती. तुम्ही ती नोव्हेंबरात दिलीत आणि आता मार्च संपत आला.

तुमचं वय काय, नागपुरात महाल भागातलं शिलाईचं दुकान किती वर्षं चाललं, मागे कोण कोण आहे, हे तुमच्या मुलाने, नितीनने, तिकडच्या पेपरात व्यवस्थित दिलंय. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला एक कबुली द्यायची आहे. पण ती लगेच देणार नाही. आधी तुमची जरा चेष्टा करू दे, मग रडणं सोपं जाईल.

आपली ओळख झाली ती सांता क्लाराच्या आपल्या अपार्टमेंटमधल्या कपडे धुण्याच्या खोलीत. मी घड्या घालत होते आणि समोरच्या खुर्चीवर बसलेला एक टक्कल पडलेला गृहस्थ टक लावून माझ्या पायांकडे बघत होता. मी मनात म्हटलं, म्हातारा चावट आहे. त्यावर तुम्ही उठून जवळ आलात आणि म्हणालात, "पोरी, तुझ्या पॅन्टची मोहरी जमिनीला घासून राहिली. दे इकडे, दोन बोटं आत घेऊन देतो."

मे महिन्यात तुम्ही नितीनकडे सहा महिन्यांसाठी आला होतात. नितीन माझ्याच ऑफिसात, माझ्याच मजल्यावर, आणि राहायला माझ्या समोरच्याच दारात. तो सकाळी गेला की तुम्ही घरात कोंडलेले. गाडी चालवता येत नाही, टीव्ही कळत नाही, आणि बागेत भेटणारे इतर काका आपापल्या मुलांच्या प्रमोशनची बढाई मारणारे. त्यात तुम्ही सामानातून दोन किलोची कात्री आणलेली. नितीनने कुठल्याशा गॅरेज सेलमधून जुनं शिवणाचं मशीन आणून दिलं, तेव्हा कुठे तुमचा जीव अमेरिकेत आला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझी जीन्स आणून दिलीत. मी हातात घेतली आणि म्हटलं, "थँक्यू काका, एकदम मस्त बसली!"

"घालून पाहिली?"

"नाही, अजून कुठे."

तुम्ही इतके हसलात की वरच्या मजल्यावरची बाई खिडकीतून डोकावली. "हे लक्षात ठेव. 'मस्त बसला' म्हणणाऱ्या गिऱ्हाईकानं कपडा घातलाच नसते. घातला तं ते कायतरी खोट काढतेच. म्हणते, मास्टर, बाही जराशी लांब झाली. तसं म्हणलं की समजायचं, याला कपडा आवडला."

पुढे हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. तरी जेव्हा लक्षात ठेवायला हवं होतं तेव्हा मी ते विसरले.

कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या जगाशी तुमची गाठ माझ्यामुळेच पडली. एका शनिवारी नितीनने चहाला बोलावलं होतं आणि मी लॅपटॉप घेऊन आले होते. तुम्ही विचारलंत की ही बाई कोण. मी सांगितलं की हे एक इंटरनेटवरचं गाव आहे, इथे जगभरातले लोक हिंडतात, गप्पा मारतात, घरं बांधतात, आणि प्रत्येकाला आपलं शरीर स्वतः बनवता येतं. ही मी आहे. हिचं नाव मीरा.

मीरा पाच फूट नऊ इंच होती. पाठ अशी सरळ की ओळंबा लावून घ्यावा. खोल गळ्याचे, बिनबाह्यांचे कपडे घालायची. मी वृषाली, पाच फूट एक इंच, गळ्यापर्यंत बंद. तुम्ही चष्मा वर करून पडद्याजवळ गेलात.

"हिचं माप कोणी घेतलं?"

"कोणी नाही काका. इथे पट्ट्या असतात, त्या सरकवायच्या. उंची, कंबर, खांदे, जे पाहिजे ते."

"म्हणूनच," तुम्ही म्हणालात. "रिकामं अंग आहे. याच्यात कोणी राहून नाही राहिलं."

मला राग आला होता. पण पुढच्या पाच मिनिटांत तुम्ही असं काही केलंत की राग विसरायला झाला. तिथले कपडे बनवायचे म्हणजे एका सपाट चित्रावर पुढचा भाग, पाठ, बाह्या असे तुकडे रंगवायचे आणि ते बाहुलीच्या अंगावर आपोआप गुंडाळले जातात. कुठला तुकडा कुठे जोडला जातो हे मला दोन आठवडे डोकं आपटून कळलं नव्हतं. तुम्ही ते चित्र एकदा पाहिलंत. "अरे, हे तं कटिंग आहे! हा मुंढा, ही बगल, ही बाजूची शिवण. यात काय आहे एवढं?" मी इंजिनिअर असल्याचा अभिमान त्या दिवशी नितीनच्या डायनिंग टेबलावरच राहिला.

आपलं दुकान असं सुरू झालं. वाणसामानाच्या तपकिरी कागदी पिशव्या उसवून त्यावर तुम्ही पेन्सिलीने कटिंग काढायचात, मी ते स्कॅन करून रंग भरायचे. तुमची स्वतःची बाहुली बनवायला बसलो तेव्हा नितीनने हौसेने तिला भरघोस केस आणि पिळदार दंड दिले. तुम्ही ते सगळं काढायला लावलंत. टक्कल, जाड चष्मा, आणि पोटाची पट्टी शेवटपर्यंत. "अजून नाही जात का पुढं?" असं तुम्ही दोनदा विचारलंत. गळ्यात टेप. मी म्हटलं, "काका, इथे सगळे पंचविशीचे होतात, तुम्ही कशाला म्हातारे?" तुमचं उत्तर तयार होतं. "पोरगेल्या मास्टरकडं कापड कोण टाकीन?"

आणि खरंच, त्या सगळ्या उंच, तरुण, चकचकीत गर्दीत एक पोट सुटलेला टकला टेलर उभा राहिला की लोक थबकायचे. तिथे माप घ्यायची काही गरज नसायची, एकच कपडा सगळ्यांच्या अंगावर चढायचा. तरी तुम्ही प्रत्येकाला उभं करून टेप घेऊन त्याच्याभोवती एक चक्कर मारायचातच. तुम्ही बोलायचात आणि मी इंग्रजीत टाइप करायचे. बसून काम करता की उभ्याने? खिशात काय ठेवता? एका ड्रॅगनने जॅकेट मागितलं तेव्हा मी हात टेकले. तुम्ही गंभीरपणे विचारलंत, "शेपूट रागावल्यावर वर जाते का?" त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, जाते. तुम्ही मागे शेपटीपुरती चीर ठेवलीत. तो ड्रॅगन महिनाभर गिऱ्हाइकं आणत होता.

एक लांब केसांची सुंदर बाई यायची, आठवते? तिने जाकीट मागितलं आणि बटणं उजव्या बाजूला हवीत म्हणाली. तुम्ही गालात हसलात. बायकांची बटणं डावीकडे असतात, पुरुषांची उजवीकडे, आणि हाताची सवय सहजासहजी जात नाही, त्यामुळे पलीकडे बसलाय तो पुरुष आहे हे तुम्ही तिथल्या तिथे ओळखलंत. मी लगेच म्हटलं, "विचारू का?" तुम्ही माझ्या हातावर चापटी मारलीत.

"गिऱ्हाईकाच्या अंगाचं टेपला कळते. मास्टरनं ते बोलायचं नसते. एकाचा खांदा पडलेला असते, एकाचा पाय आखूड असते, एकाला वाटते आपण बारीक आहो. आपण कपड्यात सांभाळून घ्यायचं. तिला बाई म्हणून उभं राहायचं आहे ना? मग बाईचं जाकीट शिव आणि बटणं उजवीकडं लाव."

एकाचा खांदा पडलेला असते. हे म्हणताना तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. आता वाटतं, मुद्दामच बघितलं नाहीत.

माझ्या पाठीचा कणा वरच्या बाजूला जरा वळलेला आहे. तेराव्या वर्षी लक्षात आलं. डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली. कुणाला फारसं दिसत नाही, कारण मी दिसू देत नाही. आईने ओढणी कशी पिन करायची ते शिकवलं. फोटोत मी कुणाच्या तरी मागे डावी बाजू लपवून उभी असते. आणि प्रत्येक कपड्याचा गळा डावीकडे घसरतो, म्हणून दर पाच मिनिटांनी माझा उजवा हात आपोआप वर जाऊन तो सरळ करतो. मला दाखवायच्या कार्यक्रमात एका मुलाच्या आईने विचारलं होतं, "हिचा हात सारखा उडतो, काही टिक आहे का?" मीरा मी का बनवली हे आता कुणाला सांगायला नको.

मग दिवाळी आली. आपण मराठी मंडळींनी त्या पडद्यावरच्या गावातच दिवाळी करायची ठरवली, म्हणजे कुणाला प्रवास करून यायला नको. क्युपर्टिनोचे चौघं, पार पूर्वेकडच्या कॅरी गावाहून तिघं, आपण. आदल्या दिवशी तुम्ही आणि नितीनने गुपचूप बनवलेला कुडता मला पाठवलात. जांभळा, छातीवर आडवा जरीचा काठ. मी आनंदाने मीराच्या अंगावर चढवला आणि सगळ्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

नितीन टाइप करायचं सोडून स्पीकरवरच ओरडला, "अरे यार वृषाली, बग आहे! तुझा लेफ्ट खांदा खाली गेलाय! काठ तिरका दिसतोय!"

मी बघितलं. मीराची पाठ सरळच होती, पण कुडता डावीकडे पाऊण इंच उतरलेला. जरीचा काठ ओट्यावरून घसरणाऱ्या पोळीसारखा. कॅरीचे तिघं हसले. ते कुडत्याला हसले असतील. मला तेराव्या वर्षीचं सगळं हसू एकदम ऐकू आलं.

मी लॅपटॉप मिटला आणि समोरचं दार ठोठावलं. तुम्ही हातात अर्धी चकली घेऊन दार उघडलंत.

"काका, तुम्ही सगळ्यांना सांगितलंत!"

"मी? मी कोणाला बोललो?"

"बोलायला कशाला पाहिजे? शिवलंत ना! त्या ड्रॅगनचं गुपित ठेवलंत, त्या बाईचं ठेवलंत, माझंच बरं..."

तुमचा चेहरा उतरला. चकली तशीच हातात. "पोरी, मी मुद्दाम नाही केलं. कागद घेतला, तुझं नाव डोळ्यापुढं आणलं आणि हात चालला. पहिल्या दिवशी त्या धुण्याच्या खोलीत नजरेनं माप घेतलं होतं, ते हातात बसलं आहे. अन् कटिंग चुकलं नाही. तिथलं अंग चुकलं आहे."

"ते अंग माझं आहे काका. ते मी बनवलंय. हे खरं अंग बनवताना मला कुणी विचारलं नव्हतं!"

"मग मी माप कोणाचं घेतलं?" तुम्ही विचारलंत.

तुम्ही उपरोधाने नाही, खरंच विचारत होतात. मी मागे वळून माझं दार आपटलं. पुण्याची आहे, उत्तर नसलं की दार आपटायचं एवढं तरी येतं.

पुढचे दोन आठवडे मी कपडे धुवायला तुमच्या वेळा चुकवून जात होते. परत जायच्या दिवशी तुम्ही स्वतः आलात, ती पिशवी दिलीत, "घालून पाहा," एवढंच म्हणालात आणि नितीनच्या गाडीत जाऊन बसलात. मी पिशवी दाबून पाहिली. कापड होतं. मी ती बुटांच्या मागे टाकली. मला वाटलं, आत तोच खांदा असणार.

तुम्ही नागपूरला परतल्यावर मात्र आपलं जुळलं. घराखालच्या सायबर कॅफेत बसून तुम्ही शनिवारी रात्री यायचात, माझी इकडे शनिवारची सकाळ. एका बोटाने, रोमन अक्षरांत, सगळं कॅपिटलमध्ये लिहायचात, त्यामुळे तुम्ही सतत ओरडताय असं वाटायचं. पोट सुटलेले मास्टर दुकानाच्या दारात उभे असायचे आणि मीरा कॉफी घेत शेजारी. भांडणाबद्दल आपण कधीच बोललो नाही. तुम्ही मला थंडीत तीळ खा म्हणून सांगायचात, मी तुम्हाला त्या कॅफेतल्या गुटखा खाणाऱ्या मुलापासून कीबोर्ड जपायला सांगायचे. इतकं हसायचो आपण की वाटायचं, आता बोलायची गरजच काय.

पण तीन वेळा तुम्ही विचारलंत. बसला का?

पहिल्यांदा मी म्हटलं, ऑफिसात रिलीज आहे, वेळ नाही मिळाला. दुसऱ्यांदा विषय बदलला. तिसऱ्यांदा, फेब्रुवारीत, मी लिहिलं, "हो काका. एकदम मस्त बसला."

पडद्यावर मास्टरांनी मीराभोवती एक चक्कर मारली. मग तुमचं नागपुरी 'हो' आलं, "HAV. CHANGLA ZALA." आणि मास्टरांनी मान डोलावली.

ही ती कबुली, काका. मी पिशवी उघडलीच नव्हती. आणि आत्ता लिहिताना मला कळतंय की तुम्हाला ते त्याच क्षणी कळलं होतं. तुमचाच नियम तुमच्याच तोंडावर मारला मी, आणि तुम्ही तो माझ्यासाठी सांभाळून घेतलात, उजवीकडच्या बटणांसारखा.

नितीनचा फोन आल्यावर दोन दिवस मी त्या कपाटाच्या बाजूने गेले नाही. शनिवारी सकाळी, तुमच्या यायच्या वेळेला, खुर्ची लावून पिशवी काढली. गाठ सुटेना, तर कात्रीने कापली. तुम्ही ओरडला असतात.

आत निळ्या बारीक चौकडीचा कुडता होता. आणि घडी घातलेली एक तपकिरी कागदी पिशवी, तिच्यावर पेन्सिलीने काढलेलं कटिंग. डावा खांदा पाऊण इंच खाली. दिवाळीच्या कुडत्याचंच ते कटिंग. आपल्या सगळ्या कागदांवर तुम्ही गिऱ्हाईकाचं नाव घालायचात, ड्रॅगन, लांब केसवाली, तसंच या कागदाच्या कोपऱ्यात होतं: 'मीरा, वृषाली. दोघींना एकच.'

मी कुडता घातला आणि आरशासमोर गेले. डोळे मिटून गेले, खोटं कशाला बोलू. उघडले तेव्हा चौकडीची प्रत्येक आडवी रेघ जमिनीला समांतर होती. जो खांदा मीराच्या अंगावर वाकडा दिसत होता, तो माझ्या अंगावर सरळ होता. कुठे पॅड नाही, कुठे लपवाछपवी नाही. कापडाला माझं अंग ठाऊक होतं, एवढंच. मग मात्र मी खाली बसून पोटभर रडले आणि मधूनच त्या चकलीची आठवण येऊन हसले.

मीराचा खांदाही खाली करून पाहिला, बरं का. जमत नाही. एक पट्टी सरकवली की दोन्ही खांदे मिळूनच खाली जातात. तेव्हा दिवाळीचा जांभळा कुडता तिला तसाच घातलाय, तिरक्या काठाचा. तुमच्या दुकानाच्या दारात ती तोच घालून उभी असते. कॅरीच्या एकाने परवा विचारलं, बग आहे का? मी म्हटलं, कपडा ठीक आहे, आतलं अंग नवशिकं आहे.

सोमवारी निळा कुडता घालून ऑफिसला गेले. ओढणी नाही, पिन नाही. मीटिंगमध्ये उभी राहून प्रेझेंटेशन दिलं, कँटीनमध्ये जेवले, ग्रुप फोटोत पुढच्या रांगेत उभी राहिले. संध्याकाळी घरी येऊन दाराला किल्ली लावताना लक्षात आलं की दिवसभरात माझा उजवा हात एकदाही गळ्याकडे गेला नव्हता.

तुम्ही विचारलं होतंत, मी माप कोणाचं घेतलं? माझं, काका. तेव्हाही माझंच होतं. मला ते घ्यायला उशीर झाला.

आणि बसला का, त्याचं आता खरं उत्तर देते. घालून, दिवसभर वापरून, धुऊन पुन्हा घालून देते आहे.

मास्टर, बाही जराशी लांब झाली.